ई-इंक, टॅब्लेट की फोन: रोज मराठी वाचणाऱ्याने काय घ्यावं?

“किंडल घेऊ की टॅब?” असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, वाचणार काय? कादंबऱ्या, की स्कॅन केलेल्या पीडीएफ? डोळ्यांना सोसणारा पडदा आणि तुमचं पुस्तक नीट दाखवणारा पडदा दरवेळी एकच असेल असं नाही.

टॅब्लेटच्या एलसीडीत दिवे पडद्यामागे असतात. ओएलईडी फोनमध्ये पडद्यावरचे ठिपके (पिक्सेल) स्वतःच उजळतात. किंडलसारख्या यंत्रांतल्या ई-इंक पडद्यात सूक्ष्म कुप्यांमधले काळे-पांढरे कण वरखाली होऊन अक्षर उमटतं आणि खोलीतलाच उजेड त्यावरून परततो. अंधारासाठी काठाला दिवे असतात, ते उजेड पानावर पसरवतात. किंडल पेपरव्हाइटमध्ये ही सोय २०१२ पासून आहे. बाहेरचाच उजेड परतत असल्यामुळे एसटीच्या खिडकीशी भर उन्हात ई-इंक उलट अधिक ठसठशीत दिसतं. फोनचा ब्राइटनेस शेवटपर्यंत नेला तरी त्यात आपलाच चेहरा दिसत राहतो.

रात्री मात्र डोळ्यांना आणि झोपेला होणाऱ्या त्रासातला फरक लोक सांगतात तेवढा मोठा राहत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात झोपण्याआधी काही तास आयपॅडवर वाचल्यावर, छापील पुस्तकाच्या तुलनेत झोप लागायला सुमारे १० मिनिटं जास्त लागली. पण माणसं १२च होती आणि आयपॅडचा ब्राइटनेस पूर्ण ठेवलेला होता. पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळे बिघडतात याला पुरावा नाही, असं अमेरिकन नेत्रतज्ज्ञांची संघटनाही सांगते. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः पापण्या कमी मिटल्यामुळे. तेव्हा निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याचे पैसे वाचवा. पिवळसर उजेडाची सोय असेल तर बरी वाटते. उजेड किती कमी करता येतो, हे त्याहून महत्त्वाचं. बरेच ओएलईडी फोन ब्राइटनेस उतरवला की भराभर उघडझाप करतात आणि काहींचं त्याने डोकं धरतं. दुसऱ्या फोनचा कॅमेरा शटर वेगवान ठेवून समोर धरलात तर काळे पट्टे सरकताना दिसतील.

देवनागरीला बारीक ठिपके हवेतच. ‘मूर्तींना’ हा शब्द घ्या: एकाच ‘त’च्या डोक्यावर रफार, वेलांटी आणि अनुस्वार. इंचाला १६७ ठिपक्यांच्या जुन्या साध्या किंडलवर लहान फॉन्टमध्ये ही गर्दी एकमेकांत मिसळते, ३०० ठिपक्यांवर सुटी दिसते. साध्या किंडललाही २०२२ पासून ३०० ठिपके आहेत, त्यामुळे सेकंड-हँड घेताना मॉडेल कोणत्या वर्षाचं ते विचारा. कॅलिडो ३ नावाच्या रंगीत ई-इंक पडद्यात काळा मजकूर ३०० ठिपक्यांचा असला तरी रंग १५० वरच येतात आणि वरच्या रंगीत थरामुळे पान मळकट दिसतं. कादंबरीसाठी त्यावर जास्तीचे पैसे घालण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

आता पीडीएफ. जुन्या दिवाळी अंकाचं दोन स्तंभांचं स्कॅन सहा-सात इंची ई-इंकवर उघडलंत तर मुंग्यांएवढी अक्षरं दिसतात. फॉन्ट वाढवता येत नाही, कारण ते पान म्हणजे नुसतं चित्र. झूम करून सरकवावं, तर आधीच्या पानाची सावली रेंगाळते. इथे दहा-अकरा इंची साधा एलसीडी टॅब सरळ जिंकतो, डोळे थोडे जास्त शिणले तरी.

दुकानाचाही प्रश्न आहे. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ पासून मिळतात. बुकगंगावरची ई-पुस्तकं मात्र त्यांच्या अ‍ॅपमध्ये वाचायची असतात आणि ते अ‍ॅप किंडलवर चढत नाही. दोन्हीकडची पुस्तकं ई-इंकवरच हवी असतील तर बूक्स (Boox) या ब्रँडसारखं अँड्रॉइडवर चालणारं ई-इंक यंत्र बघा. महाग पडतं, स्क्रोल करताना अक्षरं फराटतात, पण पान उलटून वाचणाऱ्याला ते खटकत नाही.

माझा कौल: रोज तासभर कादंबरी-ललित वाचणाऱ्याने पिवळसर उजेडाचं ३०० ठिपक्यांचं ई-इंक घ्यावं, संदर्भासाठी जुने ग्रंथ चाळणाऱ्याने टॅब. सध्या काहीच घ्यायचं नसेल तर फोनवर फॉन्ट दोन पायऱ्या वाढवा, ब्राइटनेस खोलीतल्या उजेडाइतकाच ठेवा. आणि चष्म्याला सिलिंड्रिकल नंबर असेल तर डार्क मोडच्या नादी लागू नका. काळ्यावरची पांढरी अक्षरं कडेला फुटतात. फिकट बदामी पार्श्वभूमीवर काळी अक्षरं ठेवून बघा.