सिलिकॉन ब्रेस्ट इम्प्लांट: काही महिन्यांच्या वापरानंतर

कॅन्सरच्या ऑपरेशननंतर बसवलेलं, गुळगुळीत कवचाचं जेल इम्प्लांट. आकार छान, ब्लाउज नीट बसतो, लोकलच्या गर्दीतला धक्काही सोसतं. पण ‘बसवलं आणि विसरलं’ असं इथे चालत नाही.

सिलिकॉन शरीराला पचवता येत नाही, मग शरीर त्याला कोंडून टाकतं. आधी त्यावर प्रथिनांचा थर बसतो. मॅक्रोफेज पेशी गिळायला येतात, जमलं नाही की एकमेकींत मिसळून महापेशी होतात. शेवटी भोवती कोलॅजनची (व्रणासारख्या तंतूंची) पिशवी तयार होते: कॅप्सूल. ती सगळ्यांनाच होते, त्याला अ‍ॅलर्जी म्हणू नये. ती आवळू लागली की बिघाड. हा घट्टपणा बेकर श्रेणीत मोजतात: १ मऊ, २ हाताला घट्ट, ३ मध्ये आकार बिघडलेला दिसतो, ४ मध्ये दुखतंही. रेडिएशन, आत साठलेलं रक्त किंवा कवचावर चिकटलेले जंतू यांनी हा धोका वाढतो. रेडिएशनच्या फेऱ्या झालेल्यांनी घट्टपणावर जास्त लक्ष ठेवावं.

पावसाळ्यात स्तनाखालच्या घडीत लाल चट्टे आणि खाज आली की बोट लगेच इम्प्लांटकडे जातं. बहुतेकदा ती घामातली बुरशी असते. घडी कोरडी ठेवा, सुती ब्रा रोज बदला, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

खरी धोक्याची खूण वेगळी: वर्ष उलटल्यावर एक बाजू अचानक सुजणं. खरखरीत कवचाभोवती क्वचित लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) होतो; म्हणूनच २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने खरखरीत बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवली. सूज आली तर सोनोग्राफीखाली तिथलं पाणी काढून सायटोलॉजी (पेशींची तपासणी) आणि सीडी३० (या लिम्फोमाची खूण) तपासणी करायला सांगा. नुसतं पाणी काढून फेकलं तर निदान हुकतं.

थकवा, सांधेदुखी, विसरभोळेपणा इम्प्लांटमुळेच आहे असं सिद्ध करणारी चाचणी नाही. आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन डी पाहा. तक्रार खोटी मात्र समजू नये. काढल्यावर काहींना बरं वाटतं.

कवच फाटलं तरी अनेकदा दुखत नाही. एमआरआयमध्ये ते शेवयांसारखं दुमडलेलं दिसतं. अमेरिकेच्या एफडीएचा (औषध व उपकरण नियामकाचा) सल्ला: पहिली तपासणी ५ ते ६ वर्षांनी, मग दर २ ते ३ वर्षांनी, सोनोग्राफी किंवा एमआरआय. मॅमोग्राफीत स्तन दाबण्याआधीच टेक्निशियनला इम्प्लांट आहे हे सांगा, वेगळे फोटो घ्यावे लागतात.

डिस्चार्जच्या फाइलमध्ये इम्प्लांटच्या लॉट व सिरीयल नंबरचं स्टिकर नसेल तर मागून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.