रोजचे शास्त्रवाचन: सलग की विषयवार?

मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांत रोजचे शास्त्रवाचन, म्हणजे धर्मग्रंथांचे वाचन, ही सवय लहानपणीच लागते. ते कसे करावे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असते. मी दोन्ही रीती वर्षानुवर्षे पाळल्या आहेत.

पहिली रीत सलग वाचनाची. १८३० साली न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा येथे प्रथम छापलेल्या ‘बुक ऑफ मॉर्मन’ या आमच्या धर्मग्रंथात २३९ अध्याय आहेत, म्हणजे रोज एक अध्याय वाचल्यास आठ महिन्यांच्या आत ग्रंथ पूर्ण होतो. त्यातील नीफाय या संदेष्ट्याच्या दुसऱ्या पुस्तकातील १२ ते २४ हे अध्याय बायबलमधील संदेष्टा यशया याच्या वचनांचे असून तेथे अनेकांची गती मंदावते, माझीही मंदावली. परंतु तो भाग न गाळता वाचला, म्हणूनच नीफायला यशया इतका प्रिय का होता हे मला उमगले, आणि ही जाण निवडक उताऱ्यांतून मिळाली नसती असे मला मनापासून वाटते.

दुसरी रीत विषयवार. क्षमा, उपवास किंवा प्रार्थना असा एक विषय घेऊन तळटीपांच्या आधारे बायबल, ‘बुक ऑफ मॉर्मन’ आणि ‘डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स’ (आमचा प्रकटीकरणांचा ग्रंथ) यांतील वचने शेजारी ठेवून वाचायची. दुःखाच्या दिवसांत मला हीच रीत जवळची वाटली. ‘बुक ऑफ मॉर्मन’मधील आल्माच्या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायातील, वचनाला बीजाची उपमा देणारा उतारा मी तेव्हा कितीतरी सकाळी पुन्हा पुन्हा वाचला. तथापि यात आवडत्या वचनांभोवतीच घुटमळण्याचा धोका आहे, म्हणून पहाटे मी सलग वाचते आणि विषयवार अभ्यास रविवारी करते.