बँडचे फोटो काढायचेत: आधी ५० मिमी लेन्स की फ्लॅश?

बेसिक डीएसएलआर, सोबत आलेली १८-५५ किट लेन्स आणि एकाच वस्तूपुरतं बजेट. वाशी-बेलापूरच्या पबमध्ये नाहीतर ठाण्यातल्या कॉलेज फेस्टला मित्रांचा बँड वाजवतोय, आणि फोटो एकतर हललेले येतात नाहीतर दाणेदार. मग ५० मिमी एफ १.८ लेन्स घ्यायची की हॉट-शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत बसणारा फ्लॅश? स्टेजला लाइट असेल तर लेन्स घ्या. फ्लॅश पहिला घ्यावा अशी एक जागा आहे, ती पुढे सांगतो.

एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते. किट लेन्स ५५ मिमीला एफ ५.६ पलीकडे उघडत नाही. एफ १.८ ला त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. म्हणजे जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की दाणे वाढतात) ६४०० लावूनही शटर १/३० सेकंदावर अडकलं होतं, तिथे १/१२५ आणि आयएसओ २५०० मिळतं. गाणाऱ्या माणसाला १/१२५ पुरतं. ड्रमरसाठी १/२५० च्या खाली गेलात की काठ्यांचा पंखा होतो.

या लेन्सची किंमत मोजावी लागते फोकसमध्ये. तीन मीटरवर एफ १.८ ला जेमतेम पाव मीटरचा पट्टा शार्प राहतो; गायक पुढे झुकला की डोळे गेले. म्हणून एफ २.२ ते २.५ वर या, मधला एकच फोकस पॉइंट ठेवा आणि तीन-चार फ्रेमचा बर्स्ट मारा. काळ्या टी-शर्टवर फोकस नुसता पुढे-मागे फिरत बसतो. माइकची जाळी किंवा चेहऱ्याची उजळ कड धरा. समोरून काढलं तर माइक तोंड झाकतो, तेव्हा थोडं बाजूला सरका.

मीटरिंग (कॅमेऱ्याचं उजेड मोजणं) स्पॉटवर, म्हणजे फक्त चेहऱ्यावर. नाहीतर मागचा काळा पडदा पाहून कॅमेरा चेहरे जाळून टाकतो. लाल-निळ्या एलईडीत एकच रंग आधी फाटतो, त्यामुळे हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगळा पाहा, एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमीच ठेवा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा. फोटोत आडवे पट्टे आले तर दोष लेन्सचा नाही, एलईडी लुकलुकतायत. शटर १/१०० वर आणून बघा.

आता जागेचं गणित. क्रॉप सेन्सरवर (बेसिक डीएसएलआरमधला लहान सेन्सर) ५० मिमीने तीन मीटरवरून कमरेपासून वरचा माणूस मिळतो, पाच मीटरवरून उभ्या फ्रेममध्ये पूर्ण. पबमध्ये ड्रमसकट अख्खा बँड मावणार नाही. त्यासाठी किट लेन्सच १८ मिमीला, एफ ३.५ किंवा ४ वर. ठाण्याच्या गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृहात पंधरा मीटरवरच्या खुर्चीतून उलटा प्रकार: फ्रेममध्ये रंगमंचाची सुमारे पावणेसात मीटर रुंदी आणि त्यात बोटाएवढा गायक. तिथे फ्लॅश तर अगदीच निकामी, पुढच्या रांगेतल्यांची डोकी तेवढी उजळतात. गाइड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा) १२ असलेला, कॅमेऱ्यातच बसवलेला पॉप-अप फ्लॅश आयएसओ ८००, एफ ५.६ ला सहाच मीटर पोचतो. (नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमसारख्या मोठ्या मैफलींत लेन्स बदलता येणारा कॅमेरा प्रेक्षकांना सहसा आत नेऊच देत नाहीत, तो विषय सोडून द्या.)

फ्लॅशबद्दलची बहुतेक निराशा तो ऑटोवर, सरळ तोंडावर मारल्यामुळे येते. शटर १/२००, चेहरा पांढराफटक, मागे अंधार, लाइटवाल्याची सगळी मेहनत पुसली जाते. मॅन्युअल मोडमध्ये एफ ५.६, आयएसओ ८००, शटर १/१५ लावा, फ्लॅश १/३२ पॉवरवर, अंतर तीन मीटर. फ्लॅशचा क्षणिक झोत माणसाला गोठवतो आणि उघड्या शटरमधून स्टेजचे रंग ओघळत येतात. पिवळट लाइट असेल तर फ्लॅशवर फिकट नारंगी जिलेटिनचा तुकडा चिकटवा. छतावर मारून उजेड परतवायची युक्ती पांढऱ्या, बुटक्या छतालाच चालते. पबचं काळं छत सगळा उजेड गिळतं. आणि ड्रमरच्या डोळ्यांत मारायचा नाही, आधी बँडला विचारायचं.

फ्लॅशची खरी जागा म्हणजे गणपती-नवरात्रात सोसायटीच्या आवारात वाजणारा ऑर्केस्ट्रा किंवा मिरवणुकीतली बेंजो पार्टी. एखादा हॅलोजन, तोही पाठीमागून, बाकी रस्त्याचा उजेड. समोरून चेहऱ्यावर उजेडच नाही, मग लेन्स कितीही उघडी असली तरी गोळा काय करणार? तुमचं बहुतेक काम असं असेल तर फ्लॅश आधी, सोबत चार्जेबल एए सेलचे दोन संच.

घेताना दोन फसगती टाळा. निकॉन डी३५०० सारख्या बॉडीत फोकस मोटर नसते, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेली, स्वस्त दिसणारी जुनी ‘डी’ लेन्स हातानेच फोकस करावी लागते. मोटर आतच असलेली ‘एएफ-एस जी’ घ्या. कॅनन २००डी मार्क २ आणि ३०००डी च्या हॉट-शूला फ्लॅशला पेटायचा इशारा देणारी मधली पिन नाही, त्यावर साधा एकपिनी मॅन्युअल फ्लॅश पेटत नाही. दुकानात स्वतःच्या बॉडीवर लावून, पेटवून बघा.

अजून ठरत नसेल तर किट लेन्सची झूम रिंग ५० वर चिकटपट्टीने बांधून एक अख्खा कार्यक्रम काढा. सारखं मागे सरकावंसं वाटलं तर निकॉनवाल्यांनी ३५ मिमी एफ १.८ पाहावी, कॅननवाल्यांनी २४ मिमी एफ २.८.