वॅको करावं की रॅपिड?

समुद्रावर गस्त घालणारं, बंद केबिनचं, एकावर एक पंख असलेलं दुपंखी विमान बाल्साच्या हलक्या लाकडातून, उडणारं मॉडेल म्हणून करायचं मनात आलं की फिरून फिरून दोनच प्लॅन समोर येतात: ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीचं ड्रॅगन रॅपिड आणि अमेरिकेच्या वॅको कंपनीचं केबिन. मी दोन्ही केली, दोन्ही उडवली.

देखणेपणात रॅपिडच. टोकाकडे निमुळते होत जाणारे पंख, पार नाकात एकटाच बसलेला वैमानिक. किनारी टेहळणीसाठी १९३५ साली त्याची ८९एम ही लष्करी आवृत्ती निघाली, पण ब्रिटिश हवाई दलाने ॲव्हरो ॲन्सन या विमानाला पसंती दिली. वॅको त्यापुढे बोथट नाकाचं, जरा अंगाने भरलेलं. तरी अमेरिकन कोस्ट गार्डने तीन घेतली. आपल्याकडे टाटांनी १९३७ मध्ये मुंबई-दिल्ली सेवा सुरू केली तीही वॅकोवर.

माझा निकाल लावला तो तारांनी. रॅपिडच्या वरच्या आणि खालच्या पंखांमध्ये तारांचं जाळं असतं. मी ते तंगुसाचं केलं. आमचं उडवायचं ठिकाण म्हणजे गावाबाहेरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. विमान स्कूटरवरून न्यायचं, म्हणजे पंख सुटे करणं आलं. मग तिथे उकिडवं बसून एकेक हूक अडकवायचा. डावी बाजू ताठ झाली की उजवी ढिली. सगळं जुळेपर्यंत साडेनऊ वाजतात आणि खारा वारा सुटतो. दोन मोसमांत मी रॅपिड उडवलं कमी आणि ओवलं जास्त.

वॅकोच्या कस्टम केबिन मालिकेत तारांऐवजी प्रत्येक बाजूला एकच तिरका दांडा आहे, मुळातच. चार स्क्रू, की विमान तयार. शिवाय खालचा पंख आखूड, त्यामुळे सड्याच्या खडबडीत कातळावर तो घासत नाही. खऱ्या विमानातून खाली समुद्र पाहायलाही तो कमी आड येत असावा, असा आपला माझा अंदाज. मी काही आत बसलेलो नाही.

घराला लागूनच मैदान असेल आणि पंख काढावे लागत नसतील, तर रॅपिडचा विचार जरूर करा. हवेत ते वळताना पाहिलं की तारांचा राग निवतो, हे मान्य. माझं सध्या माजघरात छताला टांगलंय. तारा अगदी ताठ आहेत.