तिरक्या शॉकअपची जीप

वडिलांची महिंद्रा जीप आमच्या घरी १९८६ पासून आहे. विलिसच्या परवान्यावर इथे बनलेली, उंच बॉनेटची सीजे-३बी. पावसच्या पुढे आमची कलमांची बाग आहे. बागेतून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट सगळी कातळावरून जाते, आणि त्या वाटेवर आंब्याच्या पेट्या वाहायला या जीपइतकी खात्रीची गाडी आम्हाला दुसरी मिळाली नाही. बाबा गेल्यावर मी ठरवलं की गाडी विकायची नाही, नीट करून चालवायची. त्यात मी फसलो. कोकणात अशा जुन्या जीप अजून कितीतरी घरांच्या मागे उभ्या आहेत, म्हणून कसा फसलो ते सगळं लिहितोय.

पुढचे दोन्ही शॉकअप, म्हणजे चाकाची उसळी जिरवणाऱ्या तेलाच्या नळ्या, गळत होते. महामार्गालगतच्या एका गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. माणूस गोड बोलणारा. गाडीखाली डोकावण्याआधीच त्याने मोबाइलवर फोटो दाखवायला सुरुवात केली. अमेरिकेत जुन्या फोर्ड गाड्यांची मडगार्डं काढून, गाडी खाली बसवून ज्या हॉट रॉड बनवतात, त्यांचे फोटो. त्या गाड्यांनाही पुढे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत अखंड एक्सल असतो, आणि मडगार्ड नसल्यामुळे चकचकीत शॉकअप समोरून दिसतात. काही फोटोंत ते चांगलेच तिरके होते. "दादा, नवीन गॅसचे शॉकअप, असेच तिरके, बंपरकडे झुकवून लावून देतो. गाडी गेली की लोक वळून बघतील." मला ते आवडलं. बाबांची गाडी आहे, देखणी दिसावी असं मनापासून वाटत होतं.

जोडी, ब्रॅकेट आणि मजुरी मिळून चौदा हजार ठरले. नऊ हजार आगाऊ गुगल पेने दिले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी लागून उगाच महाग पडेल. मी गप्प बसलो.

चार दिवसांनी गाडी आणायला गेलो. शॉकअप लालभडक, ब्रॅकेट काळी कुळकुळीत. जुने शॉकअप कुठे म्हणून विचारलं तर भंगारात गेले. चॅसीवरचे, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावरचे, शॉकअप अडकवायचे मूळ खुंट दिसेनात, तेव्हा म्हणाला की गंजले होते, गॅस कटरने कापून टाकले. मला न विचारता. आज मागे वळून बघताना सगळ्यात जास्त हेच लागतं. शॉकअप पुन्हा विकत मिळतात, पण कंपनीने बसवलेला तो जाड खुंट आता कुठल्या दुकानात मिळणार?

डांबरी रस्त्यावर फरक जाणवला नाही. कातळावर मात्र नाक टप टप उडायला लागलं. नवीन शॉकअप आहेत, बसायला वेळ लागेल, अशी त्याने फोनवर समजूत घातली. एप्रिलमध्ये पंधरा पेट्या घेऊन गावखडीला निघालो होतो. पूर्णगडच्या खाडीकडे उतरताना वळणावर ब्रेक मारला आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. पुढची चाकं डावी-उजवी नाचत होती. अखंड एक्सलच्या गाडीला हा रोग जुना आहे, आणि चाकाची उसळी जिरली नाही की तो उफाळून येतो. पुढच्या खड्ड्यात समोरून ठण्ण आवाज आला. गाडी बाजूला घेऊन खाली वाकून पाहिलं. डाव्या शॉकअपचं वरचं टोक ब्रॅकेटसकट तुटून लोंबत होतं, आणि ते ब्रेकच्या रबरी पाइपवर टेकलं होतं. पाइपवर घासल्याची पांढरी रेघ होती. त्या दिवशी माझा बारा वर्षांचा मुलगा शेजारच्या सीटवर होता. हे लिहितानाही हात गार पडतात.

गाडी ओढून आणली आणि एसटीच्या आगारातून निवृत्त झालेल्या आमच्या वाडीतल्या काकांना बोलावलं. त्यांनी दोन तासांत जे दाखवलं ते प्रत्येक जुन्या जीपवाल्याला माहीत असायला हवं.

आधी त्यांनी थिनरचा बोळा फिरवला. लाल रंगाखाली पिवळा, पिवळ्याखाली काळा निघाला, आणि नळीवरचा नंबर ग्राइंडरने घासलेला. मग शॉकअप काढून उभा धरला आणि हाताने दाबला. गॅसचा शॉकअप दाबून सोडला की दांडा आपोआप बाहेर येतो. हा दाबला तिथेच राहिला. शिवाय अर्धा दांडा काहीही जोर न लावता आत जात होता, म्हणजे आत तेलसुद्धा पुरेसं नव्हतं. "कुठल्यातरी पिकअपचा भंगारातला आहे हा," काका म्हणाले, "आणि आता बघ तिरका का लावलाय ते."

पट्टी लावून मोजलं. जीपच्या शॉकअपचं खालचं टोक एक्सलला पाटा आवळणाऱ्या यू-बोल्टच्या प्लेटवर आणि वरचं चॅसीवर बसतं, मधली जागा ठरलेली. हा शॉकअप त्या जागेपेक्षा वीतभर लांब होता. उभा बसलाच नसता. म्हणून मूळ खुंट कापले, म्हणून नवीन ब्रॅकेट पुढे नेलं, आणि म्हणून मला ते फोटो दाखवले.

शॉकअप वजन उचलत नाही, ते काम पाट्यांचं, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचं. दबलेला पाटा उसळतो, ती उसळी बारीक भोकांतून तेल ढकलून जिरवणं एवढंच शॉकअपचं काम. तो उभा असेल तर चाक दोन इंच वर गेलं की आतला दट्ट्याही जवळजवळ दोन इंच सरकतो. पंचेचाळीस अंशांत झोपवला तर दट्ट्या सव्वा-दीड इंचच सरकतो, आणि जो जोर निर्माण होतो तोही तिरका लागतो, त्यातला थोडाच चाकाला आवरतो. दोन्हीकडून घट होऊन निम्मंच काम उरतं. वीस अंशांपर्यंतचा कल चालतो, तिथे शंभरातलं अठ्ठ्याऐंशी तरी हाती लागतं. हॉट रॉडवाले जागेसाठी कल देतात तेव्हा त्या हिशेबाने कडक शॉकअप निवडतात. माझ्या गाडीला कल जवळपास पन्नास होता आणि शॉकअप मेलेला.

लांब शॉकअपचा दुसरा धोका असा की तो लवकर संपतो. गाडी भरलेली असताना एक्सल वर आला तर आधी चॅसीखालच्या रबराला टेकायला हवा. माझ्या गाडीत रबर अजून दोन इंच दूर असतानाच दांडा आत पूर्ण भिडत होता, आणि प्रत्येक खड्ड्याचा घाव थेट ब्रॅकेटवर. ब्रॅकेट कसलं, तीन ठिकाणी नुसते टाके मारून बाकीच्या फटीत पुट्टी भरलेली. खालचा गंजही घासला नव्हता. आमच्याकडे खाऱ्या हवेने चॅसीला पापुद्रे सुटतात, त्यावर मारलेलं वेल्डिंग पापुद्र्यासकट निघून येतं, तसंच आलं.

त्याच्याकडे तुकडे घेऊन गेलो. आधी गाडी जुनी आहे म्हणाला, मग तुम्ही जास्त भरली म्हणाला, मग फोन उचलेनासा झाला. बिल नाही म्हणून मी हताश होतो. पण त्याने व्हॉट्सअॅपवर "नवीन गॅसचे टाकतो" असं स्वतः लिहिलं होतं आणि पैसे गेल्याची नोंद होती. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, मग लेखी नोटीस रजिस्टरने पाठवली, आणि उत्तर आलं नाही तेव्हा रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात तक्रार दिली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. म्हणून गॅरेजवाल्याशी जे ठरेल ते फोनवर न बोलता लिहून घ्या. काढलेला प्रत्येक जुना भाग, गंजका असला तरी, डिकीत टाकून घरी आणा. नवीन माल खोक्यातून तुमच्यासमोर निघू दे, आणि रंग मारायच्या आधी वेल्डिंग बघायला जा.

संगमेश्वरकडे एका मोडीत काढलेल्या जीपच्या चॅसीवरून काकांनी दोन खुंट शोधून आणले. गंज पार धातूपर्यंत घासून, कडेने सलग वेल्डिंग करून बसवले. योग्य लांबीचे शॉकअप आता जवळजवळ उभे आहेत, गाडी रिकामी उभी असताना दांडा साधारण अर्धा बाहेर. ते दोन लाल शॉकअप पडवीत गोणपाटात बांधून ठेवलेत, पुढच्या तारखेला आयोगात न्यायला.