चपड्यात राळ मिसळून विकतात, तंबोरा-सतार करणाऱ्यांनी सावध राहा

मी मिरजेत तंबोरे घडवतो. तूनचं लाकूड आणि भोपळा मी स्वतः पारखून घेतो. फसलो ते शेवटच्या टप्प्यात, पॉलिशच्या चपड्यात, म्हणजे लाखेच्या पापुद्र्यांत.

मे महिन्यात एक विक्रेता दुकानात आला. झारखंडचा ताजा चपडा म्हणाला, किलोमागे २०० रुपये स्वस्त. मधाच्या रंगाचे चकचकीत पापुद्रे होते. ५ किलो घेतला, वर तयार पॉलिशचा एक डबा. पावती मागितली तर म्हणाला, "पुढच्या खेपेला देतो." तिथेच त्याला परत पाठवायला हवं होतं.

जुलैत एका गायिकेच्या तंबोऱ्याला त्याच चपड्याचे बारा हात दिले. बोटाला कोरडं लागत होतं. आठवडाभर टांगून ठेवला, मग गवसणी चढवली. चार दिवसांनी बाई न्यायला आल्या. गवसणी उतरवली तर कापडाची वीण जशीच्या तशी तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, उमटलेली! अंगठा टेकला की ठसा उठत होता. बाई काही बोलल्या नाहीत, पण गणपतीतला कार्यक्रम त्यांना मागून आणलेल्या तंबोऱ्यावर करावा लागला. ते अजून मनाला लागून आहे.

आधी मी पावसाला दोष दिला. पण दमट हवेत पॉलिश पांढुरकं पडतं, असं आठवडेच्या आठवडे मऊ राहत नाही. मग गल्लीतल्या एका जुन्या कारागिरांनी सांगितलं, चिमूटभर चपडा टर्पेंटाइनमध्ये टाकून बघ. लाख त्यात विरघळत नाही, राळ विरघळते. सकाळी बाटली पिवळीधमक! काचेवर थेंब वाळवला, तर चिकट.

डब्यातलं पॉलिशही शिळं निघालं, लोखंडाला लागून काळपटलेलं. लाख एकदा स्पिरिटमध्ये विरघळली की सहा महिन्यांनंतर तिच्या वाळण्याचा भरवसा नाही, आणि डब्यावर तारीखच नव्हती. आता मी लागेल तेवढाच चपडा काचेच्या बरणीत भिजवतो, वर तारीख लिहितो. आधी एक थेंब काचेवर टाकून दुसऱ्या दिवशी नखाने दाबून बघतो. कोरडा चपडा हवाबंद डब्यात, थंड जागी. पत्र्याखाली ठेवला की उन्हाळ्यात त्याची ढेप होते.

तंबोऱ्याचं सगळं पॉलिश स्पिरिटने उतरवून पुन्हा केलं, माझ्या खर्चाने. विक्रेत्याचा फोन बंद आहे. कोल्हापूरकडे फिरतोय असं कानावर आलं. माल तोच: मधाच्या रंगाचे पापुद्रे, पाच किलोच्या पिशव्या, पावती नाही.