घरगुती वॉटर ब्लॉक: आडवी भोकं पाडावीत की वर झाकण बसवावं?

वॉटर ब्लॉक म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी खेळवून त्याची उष्णता काढून घेणारा धातूचा ठोकळा. तो तांब्याचा की ॲल्युमिनियमचा, यावर मी वेळ घालवत नाही. तांबं दीडपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, आणि पाणी थंड करणारा रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर त्याच पाण्यात ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. इलेक्ट्रिक पॅनेलवाल्यांकडे उरलेला 10-12 मिलिमीटर जाडीचा बसबारचा (वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पट्टीचा) तुकडा मिळाला, तर उत्तमच. पुण्याच्या तांबट आळीत पत्रा पाहिजे तेवढा, पण आपल्याला ठोकळा हवा.

खरा प्रश्न पाण्याच्या वाटेचा. एक तर ठोकळ्यात बाजूंनी एकमेकांना छेदणारी भोकं पाडायची आणि नको ती तोंडं आटे पाडून प्लगने बंद करायची. नाही तर वरून खाचा मारून अ‍ॅक्रिलिकचं झाकण बसवायचं, मध्ये ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं.

भोकांच्या ब्लॉकला स्टँडवालं ड्रिल मशीन पुरतं. तांबं चिवट, बिट धरून ठेवतं, पण तेल सोडत सावकाश गेलात तर जमतं. खाचांसाठी मिलिंग लागतं, म्हणजे फिरत्या कटरने धातू कोरणारं मशीन. भोसरीच्या वर्कशॉपांत विचारलंत तर "एका नगासाठी सेटिंग कोण करणार?" हे ऐकायची तयारी ठेवा, दुसऱ्या कामाच्या मागे लावून देतात, पण त्यांच्या सवडीने. खर्चातही पहिलाच स्वस्त.

तरी मी झाकणाकडे वळलो ते बरमुळे, म्हणजे भोक पाडताना उरणाऱ्या धातूच्या कडेमुळे. दोन भोकं आत जिथे मिळतात तिथे तांब्याची पातळ कड उभी राहते. तिथे कानस पोचत नाही, बोट तर नाहीच. हवा मारा, रॉकेलमध्ये खळखळवा, ब्लॉक स्वच्छ वाटतो. मग चालू पाण्यात ती कड तुटते आणि पंप घरघरायला लागतो. प्लग काढून बॅटरी मारली तरी पहिल्या वळणापर्यंतच दिसतं. आत अजून किती चुरा उरलाय, हे कळायला मार्गच नाही, आणि मला त्याचाच वैताग आला. झाकण असेल तर स्क्रू काढा, जुना टूथब्रश फिरवा, परत लावा. शेवाळी थर धरला तर तोही बाहेरूनच दिसतो.

तापमानाचं म्हणाल तर एप्रिलच्या दुपारी प्रोसेसरला रेंडरचं जड काम लावूनही दोन्हींत डोळ्यात भरेल असा फरक मला जाणवला नाही. बारीक खाचांत जास्त पृष्ठभाग मिळतो, तेव्हा तुमचा प्रोसेसर तापट असेल तर कदाचित जाणवेल.

अ‍ॅक्रिलिकचेही नखरे आहेत. स्पिरिट किंवा थिनरने पुसलंत की बारीक तडे जातात. 2 मिलिमीटरच्या रिंगला खाच साधारण दीड मिलिमीटर खोल ठेवा आणि रिंगपेक्षा थोडी रुंद. दबलेल्या रबराला पसरायला जागा लागते. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे पिळा. ब्लॉक कुठल्याही पद्धतीचा असो, कॅबिनेटबाहेर पंप जोडून रात्रभर वर्तमानपत्रावर चालवा. झाकणाच्या ब्लॉकखाली कागद ओला दिसला तर बहुतेक वेळा रिंग बदलून भागतं; प्लगवाल्यात आधी कोणता प्लग पाझरतोय ते शोधत बसा.